एक यंत्र, दोन मुक्काम

यंत्राची योग्यता त्याच्या अंगच्या बळावरून ठरवावी, की ज्या घरात आणि ज्या वेळी ते वापरले जावयाचे त्या घराच्या व त्या वेळेच्या सोयीवरून ठरवावी, हा प्रश्न शेतीच्या पंपापासून शिवणयंत्रापर्यंत सर्वत्र उपस्थित होतो; परंतु व्हिडिओ गेमच्या जगात त्याची जितकी उपेक्षा झाली तितकी अन्यत्र क्वचितच झाली असेल. या व्यवसायातील जाहिराती, नव्या यंत्रांची परीक्षणे आणि खेळणाऱ्यांच्या आपसांतील चर्चा यांचा बहुतेक भाग चित्र किती ठिपक्यांचे, दर सेकंदाला चौकटी किती आणि प्रक्रियकाचा वेग किती, या हिशेबांनी व्यापलेला असतो. तो हिशेब मी खोटा मानीत नाही. मात्र नागपुरातील एका मध्यमवर्गीय घरात, एकाच दूरचित्रवाणी संचासमोर लहानाचा मोठा झालेला आणि आजतागायत या छंदाला धरून राहिलेला खेळाडू म्हणून माझे मत असे बनले आहे की, खेळ कोठे खेळता येतो आणि केव्हा खेळता येतो या दोन गोष्टींपुढे त्याच्या चित्राचा रेखीवपणा दुय्यम होय. आणि या कसोटीवर गेल्या चाळीस वर्षांतील सर्व यंत्रांत निन्टेंडो या जपानी कंपनीचे 'स्विच' हे उभयविध कन्सोल मी अग्रस्थानी ठेवतो. ५ जून २०२५ रोजी त्याची दुसरी पिढी, 'स्विच २', विक्रीस आली. तिने पहिलीचे कोणते गुण राखले, कोणते वाढविले आणि काय गमावले, हे नागपूरच्या घरात बसून पाहण्याचा या प्रकरणाचा उद्देश आहे.

प्रथम रचना सांगितली पाहिजे. ३ मार्च २०१७ रोजी विक्रीस आलेले मूळ स्विच म्हणजे ६.२ इंचांचा पडदा असलेली एक पाटी. तिच्या दोन्ही अंगांना 'जॉय-कॉन' नावाचे दोन लहान कंट्रोलर खोबणीत वरून खाली सरकवून बसवायचे. ते पूर्ण बसले म्हणजे 'टक्' असा जो स्वच्छ आवाज होतो तो ऐकल्याखेरीज हाताला खात्री वाटत नाही. पाटीबरोबर 'डॉक' नावाची एक उभी बैठक मिळते, आणि ती एचडीएमआय तारेने टीव्हीला जोडून ठेवावयाची असते. खेळ चालू असतानाच पाटी त्या बैठकीच्या फटीत वरून सोडली की तिच्या तळाची खाच आतल्या टोकावर बसते, हातातले चित्र मावळते आणि क्षणभराने तोच प्रसंग, पात्र जेथे उभे होते तेथूनच, टीव्हीवर उमटतो. उचलून घेतली की तो पुन्हा हातात. तिसरा मार्ग असा की, पाटीच्या पाठीमागची आडणी उघडून ती टेबलावर उभी करावी, दोन्ही जॉय-कॉन काढून आडवे धरावे आणि एकेक कंट्रोलर घेऊन दोघांनी शेजारी शेजारी बसावे. नागपुरातील बर्डीवरच्या एका दुकानात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या, मुलाला घेऊन आलेल्या गृहस्थांनी विचारले होते, "भाऊ, हे टीव्हीले लावाचं का हातात धरून खेळाचं?" दुकानदार म्हणाला, "काका, दोन्ही होते ना याच्यात." त्या गृहस्थांचा प्रश्न रास्त होता, कारण तोपर्यंत या व्यवसायाने ग्राहकाला हा निवाडा दुकानातच करावयास लावला होता.

डॉकमध्ये काही जादा सामर्थ्य भरलेले आहे, असा पुष्कळांचा समज असतो. मूळ स्विचच्या डॉकपुरता तो चुकीचा आहे. एन्व्हिडिया कंपनीचा टेग्रा एक्स-१ हा प्रक्रियक आणि ४ गिगाबाइट स्मृती ही दोन्ही पाटीतच असतात. डॉक तिला वीज पुरवते आणि तिच्यातील चित्र टीव्हीकडे रवाना करते, एवढेच तिचे काम. पण वीज अखंड मिळण्याची हमी लाभताच पाटीची वागणूक बदलते: चित्र रेखाटणारा विभाग ७६८ मेगाहर्ट्झ वेगाने चालू लागतो आणि १०८० रेषांपर्यंतचे चित्र देऊ शकतो, पाटी हातात घेतली की तोच विभाग बहुधा निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो आणि चित्र फार तर ७२० रेषांचे होते. हा तोटा भासतो, पण अंकगणित पाहिले तर त्यात मोठी तजवीज आहे. टीव्हीवर एकेका चौकटीत २० लाख ७३ हजार ६०० ठिपके भरावे लागतात, हातातल्या पडद्यावर अवघे ९ लाख २१ हजार ६००; म्हणजे काम निम्म्याहून कमी, म्हणून बळही निम्म्याच्या आसपास, आणि त्याच प्रमाणात बॅटरीवरचा ताण आणि अंगची उष्णता कमी. एकच खेळ दोन निरनिराळ्या मुक्कामी एकसारखा वाटावा यासाठी अभियंत्यांनी केलेला हा मेळ मला कोणत्याही प्रचंड वेगाच्या आकड्यापेक्षा अधिक आदरणीय वाटतो.

त्याचे मोल समजण्यास आमच्या घरांचा पूर्वेतिहास ठाऊक असावा लागतो. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत महाल, धरमपेठ किंवा सदर येथील घरांतून टीव्ही एकच असे, तो बैठकीच्या खोलीत असे, आणि त्याच्यावरील हक्कांची उतरंड न लिहिता सर्वांना पाठ असे: वडीलधाऱ्यांच्या बातम्या, रविवार सकाळची रामायण-महाभारताची मालिका, क्रिकेटचा सामना, चित्रपट, आणि हे सर्व आटोपल्यावर उरलेल्या वेळात व्हिडिओ गेमला मुभा. तीही सहजी मिळत नसे, कारण अशा खेळाने पिक्चर ट्यूब जाते अशी एक दृढ समजूत घरोघरी होती आणि तिच्यापुढे मुलांचा युक्तिवाद चालत नसे. मग ॲन्टेनाची तार काढायची, यंत्राची डबी लावायची, चॅनेल जुळवीत बसायचे. चित्र स्थिर होते न होते तोच दाराशी पाहुणे येत. १५ जुलै १९८३ रोजी जपानात निघालेल्या निन्टेंडोच्या 'फॅमिली कॉम्प्युटर'चे मूळ यंत्र आमच्याकडे क्वचितच कोणी पाहिले असेल. दुकानांतून मिळत त्या त्याच्या तैवानी व चिनी नकला, आणि त्यांच्याबरोबर ज्यांना आम्ही सर्वजण कॅसेट म्हणत असू ती काडतुसे. एकाच कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याची ग्वाही आवरणावर दिलेली असे, परंतु प्रत्यक्षात तेच मोजके खेळ नाव आणि आरंभस्थान बदलून पुन्हा पुन्हा भेटत. मारिओ आणि काँट्रा हे दोन त्यांत असले म्हणजे ग्राहकाची तक्रार नसे.

परदेशातील नातेवाइकाने अस्सल यंत्र आणले तरी संकट टळत नसे. अमेरिकेची वीज ११० ते १२० व्होल्टची, आपली २३०ची. रोहित्र मध्ये न घालता खटका दाबला तर यंत्राचा तेथेच निकाल लागे. रोहित्र घातले तरी अमेरिका व जपान येथील चित्रसंकेताची पद्धत एनटीएससी, भारताची पाल. दोहोंचे जमत नसल्याने आमच्या टीव्हीवर चित्र एकतर रंगहीन दिसे किंवा वरून खाली सरकत राही. स्विचचा अॅडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंतची कोणतीही वीज घेतो, एचडीएमआयला पाल व एनटीएससीचा भेद ठाऊक नाही, आणि टीव्ही नसलाच तर पडदा यंत्राच्या अंगीच आहे. परदेशी यंत्राला आपल्या घरात रुजू होण्यास ज्या हरकती होत्या त्यांतील बहुतेक एकाच पिढीत नाहीशा झाल्या, ही घटना जितकी लक्षात घेतली जावी तितकी घेतली गेलेली नाही.

विजेची कथा याहून कठीण होती. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक केंद्रांच्या धुराड्यांपासून नागपूर अगदी जवळ. तरीही या शतकाच्या पहिल्या दशकात विदर्भाने भारनियमनाचे जे तास सोसले, तालुक्याच्या गावांनी तर दिवसाचे कित्येक तास सोसले, त्यांची सल अद्याप बोलण्यात येते. खेळणाऱ्याच्या दृष्टीने भारनियमनाचा अर्थ निराळा होता. सुपर मारिओच्या आठव्या जगात पोचलेला मुलगा वीज जाताच पहिल्या जगाच्या पहिल्या पायरीवर येई, कारण त्या कॅसेटमध्ये प्रगतीची नोंद ठेवण्याची सोयच नव्हती. पुढे प्लेस्टेशनबरोबर मेमरी कार्ड आले, तरी नोंद करण्याची जागा खेळात ठरावीक अंतरावरच असे आणि वीज त्या जागेची वाट पाहत नसे. स्विचची बॅटरी वीज गेल्याचे यंत्राला कळूही देत नाही. टीव्ही विझतो, आपण पाटी उचलतो आणि खेळ चालू राहतो. शिवाय वरच्या कडेचे बटण एकदा दाबले की यंत्र, खेळ उडीच्या मध्यावर असला तरी, तेथेच निद्रिस्त होते आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच जागे होते. ज्याने भारनियमनात खेळ गमावले आहेत त्याला या एका सोयीचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. आणि ज्याला स्वयंपाक, कचेरी, मुलांचा अभ्यास यांच्या फटींतून वीस मिनिटे काढावी लागतात त्या प्रौढ माणसाला तर हीच सोय या छंदात टिकवून धरते.

ही कल्पना एकाएकी सुचलेली नव्हे. निन्टेंडोचा जन्म १८८९ सालचा, क्योतोमधला, आणि मूळ धंदा हानाफुदा नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते बनविण्याचा. आपल्याकडे सावंतवाडीला गंजिफा रंगविणारे कारागीर ज्या व्यवसायात होते त्याच व्यवसायातील हे जपानी घराणे. पत्त्यांना स्वतंत्र खोली लागत नाही, माणसे जेथे बसतील तेथे डाव मांडला जातो, ही जाणीव या कंपनीच्या रक्तात असावी असे मला नेहमी वाटत आले आहे. तिच्या गुनपेई योकोई या अभियंत्याने १९८० साली गणकयंत्रातील स्वस्त पडदा व चिप घेऊन 'गेम अँड वॉच' काढले, आणि १९८९ साली 'गेम बॉय'. हिरवट पडदा, चार छटा, चार पेन्सिल सेल; प्रतिस्पर्ध्यांची रंगीत यंत्रे सहा सेल काही तासांत संपवीत असता हे साधे यंत्र टिकून राहिले आणि त्याच्या कुटुंबाची विक्री ११ कोटींवर गेली. नवीनतम व महाग तंत्राच्या मागे न धावता, ज्याचे गुणदोष पुरते कळले आहेत असे जुने तंत्र नव्या उपयोगास लावावे, हे योकोईचे सूत्र होते, आणि स्विचमध्येही ते स्पष्ट दिसते. घर आणि प्रवास जोडण्याचा प्रयत्न इतरांनीही केला होता. सेगा कंपनीने १९९५ साली अमेरिकेत काढलेले 'नोमॅड' हे हातातले यंत्र घरच्या यंत्राच्याच कॅसेट चालवी आणि टीव्हीलाही जोडता येई. पण त्याची सेलची भूक इतकी होती की प्रवासात दोन-तीन तासांत ते थंड पडे. कल्पना बरोबर, काळ चुकीचा.

सर्वांत उद्बोधक मात्र निन्टेंडोचेच २०१२ सालचे 'वी यू'. त्याच्या कंट्रोलरमध्येच पडदा होता, म्हणजे टीव्ही दुसऱ्या कोणी घेतला तर खेळणाऱ्याने तो पडदा पाहावा; परंतु सर्व प्रक्रिया टीव्हीखालच्या पेटीत चालत असल्याने कंट्रोलर घेऊन फार दूर जाता येत नसे. अर्धी वाट चालून थांबलेले ते यंत्र १ कोटी ३५ लाखांच्या आसपास विकले गेले आणि कंपनीला मोठा फटका बसला. तेथून मागे फिरण्याऐवजी उरलेली अर्धी वाट चालण्याचा निर्णय कंपनीने घेतला. नव्या यंत्राची पहिली वाच्यता मार्च २०१५ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी केली. ११ जुलै २०१५ रोजी त्यांचे निधन झाले आणि स्विच विक्रीस आलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्या यंत्राची विक्री पुढे १५ कोटींच्या पलीकडे गेली.

आता नागपूरच्या उन्हाळ्याकडे वळले पाहिजे, कारण परदेशी परीक्षणांत या विषयाला जागाच नसते. स्विच ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावे, असे कंपनीचे सांगणे आहे. आमच्याकडे मार्च संपत येता येता पारा ही मर्यादा ओलांडतो, मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात जातो, आणि नवतपाच्या दिवसांत तर दुपारी भिंतीसुद्धा हाताला चटका देतात. यंत्राच्या वरच्या कडेला झरोके आहेत व आत लहान पंखा आहे. तो बाहेरची हवा आत ओढून प्रक्रियकाची उष्णता तिच्यावर सोडतो. उष्णता अधिक तप्त वस्तूकडून कमी तप्त वस्तूकडे वाहते आणि दोहोंतील अंतर जितके थोडे तितका तिचा ओघ मंद, हा शाळेतला नियम येथे लागू पडतो: हवा २५ अंशांची असता जो पंखा निवांत फिरतो तोच ४० अंशांच्या खोलीत करकरत राहतो, आणि तरीही भागले नाही तर यंत्र स्वसंरक्षणार्थ स्वतःच निद्रिस्त होते. लिथियमच्या बॅटरीचे आयुष्य तर उन्हात उभ्या मोटारीत ठेवलेल्या यंत्रात झपाट्याने घटते.

कूलर लावला म्हणजे प्रश्न मिटला, असे वाटते. तो अर्धाच मिटतो. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांतून येणारी हवा गार असते खरी, पण ओलसर असते, आणि कूलर ज्या खिडकीत बसविलेला असतो त्या खिडकीबाहेरची धूळही थोडीबहुत तिच्याबरोबर येते. सबब यंत्र कूलरच्या थेट झोतात ठेवू नये, टीव्हीखालच्या बंद कपाटात तर मुळीच ठेवू नये. चारी बाजूंनी हवा फिरेल अशा उघड्या फळीवर डॉक असावी आणि झरोके कोरड्या मऊ कुंचल्याने अधूनमधून झाडावेत. याच ठिकाणी उभयविधतेचा एक गुण मला सापडला, जो तिच्या कर्त्यांच्या मनात असेलच असे नाही. टीव्हीला जोडलेले यंत्र अधिक वेगाने चालते व अधिक तापते; हातातले कमी वेगाने चालते व कमी तापते. म्हणून मे महिन्यातील दुपार हातातल्या खेळासाठी आणि रात्री दहानंतरचा वेळ मोठ्या पडद्यासाठी, असा ऋतूने घालून दिलेला क्रम आमच्या घरात आपोआप रूढ झाला. नव्या स्विच २ च्या डॉकमध्ये स्वतंत्र पंखा बसविला आहे. जगातील इतर ग्राहकांना तो किरकोळ तपशील वाटेल. विदर्भातील ग्राहकाने त्याची नोंद अगत्याने घ्यावी.

स्विच २ च्या इतर सुधारणा ठळक आहेत. पडदा ७.९ इंचांचा आणि १०८० रेषांचा झाला, दर सेकंदाला १२० चौकटी दाखविण्याची क्षमता त्यात आली, टीव्हीवर ४के चित्र मिळू लागले, साठवण ३२ गिगाबाइटवरून २५६वर आणि स्मृती ४ वरून १२ गिगाबाइटवर गेली. जॉय-कॉन आता खोबणीत सरकवावे लागत नाहीत, चुंबकाने बसतात. बहुसंख्य जुने खेळही त्यावर चालतात, आणि ही गोष्ट मी सर्व सुधारणांच्या वर मांडतो, कारण जुना संग्रह निरुपयोगी करणारे नवे यंत्र म्हणजे ग्राहकाच्या पूर्वीच्या खर्चावर पाणी सोडणे होय. पहिल्या चार दिवसांत जगभर ३५ लाखांहून अधिक नग विकले गेले, यात नवल नाही. माझा मुख्य आक्षेप बॅटरीविषयी आहे. ज्या ५ जून २०२५ रोजी हे यंत्र विक्रीस आले त्याच दिवशी इगतपुरी ते आमणे या अखेरच्या टप्प्याचे उद्घाटन होऊन ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग नागपूरपासून थेट मुंबईच्या वेशीपर्यंत खुला झाला, आणि हे अंतर आठ तासांत कापता येते असे सांगण्यात आले. स्विच २ ची बॅटरी, खेळाच्या स्वरूपानुसार, सुमारे २ ते ६.५ तासच चालते, म्हणजे तेवढ्या प्रवासालाही पुरत नाही. उलट २०१९ साली सुधारून काढलेले जुने स्विच ४.५ ते ९ तास चालत असे. वजनही कंट्रोलरसह सुमारे ४०० ग्रॅमवरून ५३४ ग्रॅमवर गेले आहे, आणि रेल्वेच्या वरच्या बर्थवर निजून खेळणाऱ्याच्या मनगटाला हा फरक अर्ध्या तासात जाणवतो. दोन मुक्कामांपैकी घराच्या मुक्कामाकडे नव्या यंत्राचे पारडे झुकले आहे, हे माझे स्पष्ट मत आहे.

कोणी विचारील की, खिशात मोबाइल असता या सर्वांची गरज काय? भारतात बहुसंख्य लोक मोबाइलवरच खेळतात, आणि त्यांच्या आनंदाला मी कमी लेखीत नाही. परंतु काचेवर बोट घासून जो खेळ होतो त्यात अंगठ्याला बटणाची जाण नसते आणि तेच बोट चित्राचा चतकोर भाग झाकते. शिवाय मोबाइलवरील फुकट खेळांचा हिशेब बहुधा जाहिरातींतून व खेळता खेळता केलेल्या खरेदीतून वसूल केला जातो, म्हणून ते संपू नयेत अशीच त्यांची रचना असते. एकदा मोल दिले, खेळलो, संपविले आणि समाधानाने बाजूला ठेवले, हा अनुभव मुलांना मिळावा असे मला मनापासून वाटते.

खरेदी करू इच्छिणाऱ्याला काही गोष्टी आधी कळल्या पाहिजेत. निन्टेंडो भारतात ही यंत्रे अधिकृतपणे विकत नाही. बर्डीवर किंवा अन्यत्र मिळतो तो व्यापाऱ्यांनी परस्पर आणलेला माल. त्यामुळे किंमत दुकानागणिक बदलते आणि कंपनीची हमी येथे चालत नाही. अमेरिकेत मूळ स्विच २९९.९९ डॉलरला निघाले होते, स्विच २ हे ४४९.९९ डॉलरला, त्यावर वाहतूक, आयातकर आणि व्यापाऱ्याचा नफा चढतो. व्हिडिओ गेम कन्सोलवरील जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला गेला तेव्हा या छंदाला थोडा दिलासा मिळाला होता. जपानहून कोणी आणून देणार असेल तर ४९,९८० येनांना निघालेली स्वस्त आवृत्ती घेण्यापूर्वी विचार करावा, कारण ती जपानी भाषेतच चालते आणि जपानी खात्यालाच जोडता येते. जॉय-कॉनच्या कांड्या कालांतराने आपोआप एका दिशेला सरकू लागतात, ही जगभरची तक्रार आहे; आतील सरकती पट्टी घासली गेल्याने हे घडते. कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी २०२० साली भागधारकांसमोर या त्रासाबद्दल खेद व्यक्त केला होता. आपल्याकडे अधिकृत दुरुस्ती केंद्र नसल्याने हे काम मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कुशल कारागिराकडे जाते, आणि त्याला सुटा भाग मिळविण्यास वेळ लागतो.

शेवटचा मुद्दा कॅसेटचा, आणि तो मला सर्वांत जिव्हाळ्याचा. आमच्या पिढीने जे खेळ खेळले त्यांतील थोडेच स्वतः विकत घेतले होते. बाकीचे मित्राकडून आणलेले, मामेभावाकडे राहिलेले, दुकानदाराला जुनी कॅसेट व वर काही रुपये देऊन बदलून घेतलेले. एक कॅसेट गल्लीतल्या दहा घरांत फिरे, आणि तिच्याबरोबर काँट्रात तीस आयुष्ये मिळविण्याचा बटणांचा क्रमही तोंडोतोंडी फिरे. मूळ स्विचने ही रीत राखली: त्याची नखाएवढी कॅसेट जगात कोठेही घेतलेली असो, सामान्यतः कोणत्याही देशातल्या यंत्रात चालते, आणि सिंगापूरच्या आत्याने पाठविलेली नागपुरात चालून पुढे पुण्याला जाते. स्विच २ बरोबर मात्र 'गेम-की कार्ड' नावाचा प्रकार आला. त्या कार्डात खेळ नसतो, खेळ उतरवून घेण्याची परवानगी तेवढी असते. पहिल्या वेळी इंटरनेटवरून संपूर्ण खेळ घ्यावा लागतो आणि नंतरही कार्ड आत असल्याखेरीज तो सुरू होत नाही. ते उसने देता येते, विकताही येते, हे मान्य. पण कंपनीचे दूरस्थ भांडार ज्या दिवशी बंद होईल त्या दिवसानंतर नव्या मालकाच्या हाती रिकामे कार्ड राहील, आणि हे भय निराधार नाही: कंपनीच्याच वी आणि वी यू या दोन्ही यंत्रांची ऑनलाइन दुकाने अनुक्रमे जानेवारी २०१९ आणि मार्च २०२३ मध्ये बंद झालेली आपण पाहिली आहेत. मोठे खेळ कॅसेटमध्ये मावत नाहीत असे म्हणावे, तर 'सायबरपंक २०७७' हा अवाढव्य खेळ स्विच २ साठी ६४ गिगाबाइटच्या एकाच कॅसेटमध्ये संपूर्ण दिलेला आहे. प्रश्न खर्चाचा आहे, आणि तो खर्च टाळण्याची मुभा प्रकाशकांना देण्यात आली आहे.

याच्या दुसऱ्या बाजूला कंपनीने दोन सवलती दिल्या, त्यांचाही उल्लेख केला पाहिजे. इंटरनेटवरून घेतलेला खेळ आपल्या कुटुंबगटातील सदस्याला १४ दिवसांपर्यंत उसना देता येतो. आणि स्विच २ धारकाने निवडक खेळ चालू केला तर शेजारी बसलेल्या मित्राला, त्याच्याकडे जुनेच स्विच असले तरी, त्या एकाच प्रतीवर बरोबर खेळता येते. दुसरी सवलत मला फार आवडली, कारण नवे यंत्र घेणे ज्याला परवडले नाही त्याला ती खेळातून वगळीत नाही. पहिलीचा लाभ मात्र नोंदणी केलेल्या कुटुंबापुरता आहे, आणि आमच्याकडे कॅसेट मागायला येणारा मुलगा बहुधा शेजारच्या घरातला असतो. म्हणून आज स्विच २ घेणाऱ्याला माझे सांगणे एवढेच आहे की, दुकानात खेळ निवडताना डबीच्या दर्शनी भागाच्या तळाशी गेम-की कार्डाची सूचना छापलेली आहे का ते वाचावे, आणि जो खेळ संपूर्ण कॅसेटमध्ये मिळतो तो शक्यतो तसाच घ्यावा.